मुंबईच्या घरात गेमिंग पीसी: प्लग पॉइंटपासून पहिल्या गेमपर्यंत

पहिल्यांदा पीसी जोडणारे बहुतेक जण ग्राफिक्स कार्डांची तुलना करत बसतात. मुंबईत सुरुवात भिंतीवरच्या प्लग पॉइंटपासून करावी. इथली हवा दमट आणि खारट, खोली लहान, आणि इमारत जुनी असेल तर वायरिंगही तितकंच जुनं. कार्डांच्या बहुतेक चाचण्या वीस-बावीस अंशांच्या थंड खोलीत होतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बंद खोलीत ३३ अंश सहज असतात, त्यामुळे चाचणीत ७० अंशांवर राहिलेलं कार्ड घरी ऐंशीच्या घरात जातं. म्हणून आमचा आग्रह असा की अर्थिंग, चांगला एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट यांचे पैसे आधी बाजूला काढा. ग्राफिक्स कार्ड उरलेल्या पैशांतून जमेल ते घ्या. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं, पण खराब एसएमपीएस जाताना सोबत मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

पायरी १: घरातली वीज तपासा

हे काम खरेदीच्या आधीचं आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या किंवा वायरमनला बोलवा, आणि ज्या पॉइंटवर पीसी लावणार तिथे तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट हवेत. फेज ते अर्थही जवळपास तेवढेच हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावेत. फेज ते अर्थ मोजताना आकडा फारच कमी आला किंवा सतत हलत राहिला, तर त्या पॉइंटला अर्थ नाही असं समजा. तीन भोकांचा सॉकेट दिसतो म्हणजे आत तिसरी वायर जोडलेली आहेच असं नाही. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत वरचं भोक नुसतंच असल्याचं वारंवार आढळतं.

अर्थ नसेल तर काय होतं ते नीट समजून घ्या. एसएमपीएसच्या आत वीज शिरते तिथे एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात त्या यामुळेच. करंट अगदी कमी असल्याने माणसाला बहुधा इजा होत नाही. मात्र त्याच अवस्थेत सेट-टॉप बॉक्सशी जोडलेल्या टीव्हीची एचडीएमआय केबल पीसीला लावली, तर ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. आणि एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला लागली, तर प्रकरण जिवावर बेततं.

उपाय एकच. मीटर रूममधल्या अर्थपासून त्या पॉइंटपर्यंत योग्य जाडीची वेगळी वायर परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्या. नळाच्या पाइपाला अर्थ जोडू नका, कारण आता मधले बरेच पाइप पीव्हीसीचे असतात. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच एकत्र बांधण्याचा 'जुगाड' तर मुळीच करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर सगळं कॅबिनेट थेट फेजवर येतं.

६ अँपिअरचा पॉइंट सुमारे १३८० वॅट पेलतो, त्यामुळे एका पीसीला तो पुरेसा आहे. पण त्याच एक्सटेन्शनवर इस्त्री किंवा किटली लावू नका.

बिलाचाही हिशोब आत्ताच करून ठेवा. गेम चालू असताना मॉनिटरसह पीसी साधारण ३५० वॅट घेतो असं धरा. रोज तीन तास म्हणजे १.०५ युनिट, महिन्याला सुमारे ३२ युनिट. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो. घरचं बिल २८० युनिटच्या आसपास येत असेल, तर या ३२ युनिटांतले काही वरच्या टप्प्यात जातील. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं की पुढची कटकट वाचते.

पायरी २: भाग निवडा

सध्या नवख्यासाठी दोन वाटा सरळ आहेत. कमी खर्चात काम भागवायचं असेल तर एएम४ सॉकेटचा (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएमडीचा रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम. पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय ठेवायची असेल तर एएम५ सॉकेटचा रायझेन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरचे आणि ६५ वॅट गटातले आहेत. पण एक मोठा फरक आहे. ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स आत असतं, ५६०० मध्ये नसतं. म्हणजे ५६०० सोबत ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. मुलांचा अभ्यास आणि ऑफिसचं काम याच मशीनवर होणार असेल, तर हा मुद्दा मोठा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' येतं, त्यांचंही तसंच.

रॅम १६ जीबी घ्या, आणि ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांची घ्या. एकच १६ जीबीची पट्टी लावली तर मेमरीचा रस्ता निम्मा होतो आणि गेममध्ये अधूनमधून अडखळायला होतं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधले आकडे धरून बजेट आखू नका.

एसएसडी, म्हणजे विंडोज आणि गेम साठवायची पट्टी, एनव्हीएमई प्रकारची, एम.२ २२८० आकाराची घ्या. जेन ३ (तिसऱ्या पिढीची) साधारण ३५०० एमबी प्रति सेकंद वाचते आणि जेन ४ त्याच्या दुप्पट. गेम लोड होताना हा फरक जेमतेम जाणवतो. त्यामुळे भाव जवळ असतील तर जेन ४ घ्या, नाहीतर तेच पैसे ५०० जीबीऐवजी १ टीबी घेण्यात घाला. आजकाल एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो.

ग्राफिक्स कार्डाबाबत आधी मॉनिटर ठरवा. २४ इंची १०८०पी (१९२०×१०८० ठिपक्यांच्या) पडद्याला आरटीएक्स ५०६० सारखं ८ जीबीचं कार्ड चालतं. २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० ठिपक्यांचा) पडदा हवा असेल तर १६ जीबी मेमरीचं कार्ड बघा, कारण नव्या गेममध्ये टेक्स्चर वाढवलं की ८ जीबी भरते आणि चित्र धक्के खाऊ लागतं. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा घ्याच. ६० हर्ट्झवर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. हा फरक गेम सोडून नुसतं एक्सेल सरकवतानाही डोळ्यांना कळतो.

आता एसएमपीएस. रायझेन ५ ७६०० भाराखाली ८८ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ५०६० ची मर्यादा १४५ वॅट आहे, आणि बाकी सगळ्याला ५० वॅट धरा. बेरीज ३०० च्याही आत. म्हणजे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल किती टिकेल ते सांगत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा कंपनीचा एसएमपीएस घ्या, आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा वापरू नका.

कॅबिनेट पुढून जाळीचंच हवं. समोर काच लावलेली कॅबिनेटं दुकानात छान दिसतात, पण त्यांना हवा कडेच्या फटींतून ओढावी लागते. आत हवा घेणारे पुढे दोन १२० एमएमचे पंखे आणि बाहेर टाकणारा मागे एक, एवढं या मशीनला पुरतं.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट असं समजू नका. असे यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतात. ऐन गेममध्ये वीज गेली तर ते भार सोसत नाहीत आणि पीसी बंदच होतो. १००० ते ११०० व्हीएचा घेतला तर सेव्ह करून नीट शटडाऊन करायला पाच-सात मिनिटं मिळतात. त्याचं काम तेवढंच आहे.

पायरी ३: लॅमिंग्टन रोडची फेरी

संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार इथे आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असेल, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत काही मिनिटांवर आहे. ग्रँट रोडला जायला स्लो लोकल पकडा. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. दुकानं साधारण अकराच्या सुमारास उघडतात आणि रविवारी बहुतेक बंद असतात. मधल्या वारी दुपारी बाराच्या आसपास पोहोचा आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परत निघा.

जाण्याआधी ऑनलाइन भाव कागदावर लिहून न्या. तीन दुकानांत पूर्ण यादीचं कोटेशन घ्या आणि प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा. 'बी६५० बोर्ड' एवढंच लिहिलेलं कोटेशन निरुपयोगी आहे, कारण त्या नावाखाली बरे-वाईट कितीतरी बोर्ड येतात. सुटे भाग भावात बसले नाहीत तरी पूर्ण संच एका ठिकाणी घेतला की दुकानदार थोडं सोडतो.

"बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. वाचतो तो १८ टक्के जीएसटी, आणि जाते ती वॉरंटी. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. वॉरंटीचं काम दुकान करणार की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, हेही तिथेच विचारा. प्रोसेसर मदरबोर्डापेक्षा नवा असेल तर बायॉस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करून मागा. जुन्या स्टॉकमधल्या बी६५० बोर्डावर रायझेन ९००० मालिकेचा प्रोसेसर अपडेटशिवाय सुरूच होत नाही.

वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर मुंबईत एक खास तपासणी करावी लागते. मागच्या पोर्टांची पट्टी आणि तिचे स्क्रू बघा. गंज किंवा तांब्यावर हिरवट डाग दिसले तर ते कार्ड खाऱ्या हवेत उघडं पडलेलं होतं, ते सोडून द्या. असे डाग नसतील तर दुकानातच पीसीला लावून १५ मिनिटं पूर्ण भार द्या. पडद्यावर ठिपके, पंख्याची खरखर किंवा अचानक बंद होणं, यातलं काहीही झालं तर पैसे देऊ नका.

मॉनिटर आणि कॅबिनेट घेऊन लोकलमध्ये चढायचंच असेल तर मालडब्यात चढा आणि मॉनिटर उभा धरा, आडवा ठेवून त्यावर काही रचू देऊ नका. टॅक्सीचे पैसे इथे वाया जात नाहीत. घरी आल्यावर प्रत्येक सील तोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. वाकलेल्या पिना कुणाच्या हातून वाकल्या यावर वाद झाला तर तोच कामी येतो.

पायरी ४: जोडणी

एक मध्यम आकाराचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबकी टोकाचा, आणि स्क्रू ठेवायला दोन वाट्या. पंखा बंद ठेवा, नाहीतर कागद-पिशव्या उडतात. आपल्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, तरी एसीच्या खोलीत बसला असाल तर अधूनमधून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावत राहा.

सगळं आधी कॅबिनेटबाहेर, मदरबोर्डाच्या खोक्यावर जोडून चालू करून बघा. नवखे ही पायरी गाळतात आणि मग सगळं बसवल्यावर पुन्हा उघडत बसतात.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर अलगद ठेवा, दाबू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ मध्ये सॉकेटला. एएम५ चा दांडा लावताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. त्रिकोण जुळलेला असेल तर घाबरू नका. काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडून बाहेर येतं, ते जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत देताना लागतं.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बोर्डाला दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही. दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबा. पीसी चालू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण अर्धवट बसलेली रॅम हेच असतं. एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि शेवटी तो बारका स्क्रू लावायचा. हा स्क्रू हमखास हरवतो, म्हणून खोकं उघडल्याबरोबर वाटीत टाका.

कूलरला थर्मल पेस्ट आधीच लावलेली असेल तर वरून आणखी लावू नका. नसेल तर मधोमध मटाराच्या दाण्याएवढा ठिपका. कूलरच्या तळाला प्लास्टिकची पातळ फिल्म असेल तर ती काढल्याची खात्री करा. ती राहिली तर विंडोज सुरू होताच प्रोसेसर नव्वदीला पोहोचतो. एएमडीसोबत येणारा स्क्रूचा कूलर बसवताना बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे कंस काढा, एएम४ बोर्ड असेल तर मागची पट्टी हाताने धरून ठेवा आणि चारही स्क्रू कर्णरेषेत, दोन-दोन आटे फिरवत कसा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर लावा.

वीज जोडायच्या केबली तीन: मदरबोर्डाची २४ पिनची, प्रोसेसरची ८ पिनची जी ४-४ मध्ये फुटते, आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची जी ६-२ मध्ये फुटते. शेवटच्या दोन दिसायला सारख्या, पण आतलं वायरिंग उलटं असतं. एकीच्या जागी दुसरी बसत नसेल तर जोर लावू नका. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला कधीही लावू नका. कनेक्टर बसला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि एसएसडी एका क्षणात जळते.

पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ बोर्ड कित्येक मिनिटं काळा पडदा दाखवतो. तो रॅमची जुळणी करत असतो. मधेच वीज बंद करू नका. दहा मिनिटांनंतरही काही दिसलं नाही तर बोर्डाच्या कडेचे छोटे दिवे बघा. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं असतात. डीरॅमचा दिवा पेटून राहिला तर पट्ट्या काढून पुन्हा लावा, मग एकच पट्टी लावून बघा. व्हीजीएचा पेटला तर कार्ड आणि त्याची ८ पिनची केबल तपासा. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे ना, मदरबोर्डाला नाही ना, हे पाहा. इथेच अर्धे लोक अडकतात.

सगळं चालतंय हे कळल्यावर कॅबिनेटमध्ये बसवा. त्याआधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंटे) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत का मोजा. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो.

पायरी ५: बायॉस, विंडोज आणि पहिला गेम

बायॉसमध्ये जाऊन डीडीआर४ साठी एक्सएमपी किंवा डीडीआर५ साठी एक्स्पो ही रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा. ६००० वेगाची डीडीआर५ घेतली असली तरी हे न केल्यास ती ४८०० वरच चालते. सोबत टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू करा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि व्हॅलोरंटसारखा गेम या दोन्हींपैकी एक जरी बंद असेल तरी विंडोज ११ वर उघडत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नव्या मशीनवर ते टाकू नका.

विंडोज ११ टाकायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल एवढं पुरतं. त्याच पेनड्राइव्हवर मदरबोर्डाच्या साइटवरून लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर टाकून ठेवा, कारण विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडतं.

इन्स्टॉल झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १४४ हर्ट्झ निवडा. विंडोज बरेचदा ६० वरच ठेवतं आणि माणूस महिनोन्महिने तसाच खेळत राहतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की फोनेटिक कीबोर्डही मिळतो, विंडोज आणि स्पेस दाबून तो बदलता येतो. आईबाबांना वेगळं खातं उघडून द्या.

नेटच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ दोन्हींचे सर्व्हर मुंबईतच आहेत, त्यामुळे फायबर आणि लॅन केबलवर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) फार कमी राहतो. वाय-फायवर मात्र शेजारच्या डझनभर राउटरांशी भांडण असतं. २.४ गिगाहर्ट्झ टाळा, ५ वापरा, आणि शक्य असेल तर राउटरपासून कॅट ६ केबल सरळ पीसीपर्यंत ओढा.

एकाच खोलीत कुणी झोपलेलं असताना खेळायचं असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घाला. निवांत गेमला १०० वर थांबवलं तरी कार्डाचा भार उतरतो, पंखे शांत होतात, खोली कमी तापते आणि बिलही थोडं कमी येतं.

पावसाळ्यासाठी

जून ते सप्टेंबर पीसी अनेक दिवस बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी अर्धा-एक तास चालवला की आतली उष्णता ओल बसू देत नाही. बंद मशीनवर प्लास्टिकचं आवरण घालू नका, दमटपणा आतच कोंडतो. कॅबिनेट खिडकीपासून दूर आणि जमिनीपासून निदान फूटभर वर ठेवा. तळमजल्यावर राहत असाल आणि गल्लीत पाणी भरत असेल तर टेबलावरच ठेवा. यूपीएससुद्धा खाली ठेवू नका.

मागच्या वापरात नसलेल्या स्लॉटांच्या पट्ट्या लावूनच ठेवा. आतल्या ऊबेला झुरळं आणि पाली येतात, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल शॉर्ट करते. धुळीच्या जाळ्या महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून लावा. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर दर पंधरवड्याला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने जोरात फिरली तर बेअरिंग खराब होतं.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी पीसी चालू झाला नाही आणि डीरॅमचा दिवा पेटलेला दिसला, तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी मेन स्विच बंद करून रॅमच्या पट्ट्या काढा. सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुन्हा पुसा आणि पाच मिनिटांनी लावा. दमट हवेत संपर्कावर बारीक थर धरतो, तो एवढ्याने निघतो. तेच दर महिन्याला होऊ लागलं तर पीसीची जागा बदला, बहुतेक वेळा मागची भिंत ओलावलेली असते.